तीन वर्षांची ओळख

वडील गेल्यावर त्यांच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं. मला ते जमत नाही. कितीदा लिहायला बसले आणि दरवेळी ती चिनी बाई आठवून डोकं फिरलं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. बाबांची कलकत्त्याला बदली होऊन तीन वर्षं झालेली. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या लांब छपराखाली चार चिनी कुटुंबांच्या चुली होत्या आणि मधली बाकं सगळ्यांची मिळून. कुठल्याही चुलीवरचं घ्या, कुठंही बसा. आई तिकडे फिरकत नसे. रविवारी संध्याकाळी बाबा आणि मी जायचो, ते ठरलेलं. शेवटच्या चुलीवर चाळिशीची एक बाई एकटीच रांधायची. तिच्या हातचं चाउमीन सोडून बाबांना दुसरं काही रुचत नसे.

रविवारी सकाळी मात्र घरात वेगळीच जत्रा. बाबा गॅझेटेड ऑफिसर. हावड्याला उतरलेला प्रत्येक मराठी माणूस कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे, कारण नोकरीच्या अर्जाला चारित्र्याचा दाखला हवा. 'यांना मी गेली तीन वर्षं व्यक्तिशः ओळखतो,' असं इंग्रजीत लिहून, शिक्का मारून बाबा मोकळे. कित्येकांचं तोंड त्यांनी त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलेलं असायचं. "आपला माणूस आहे, आपण नाही करायचं तर कुणी?" असं वर म्हणायचे.

एका रविवारी चाउमीन आणून ठेवल्यावर बाई हात पुसत उभीच राहिली. तिची आई जमशेदपूरला अंथरुणाला खिळली होती, आता थोड्या दिवसांची सोबती. चीनशी लढाई झाल्यापासून चिनी माणसाला शहराबाहेर जायला पोलिसांची परवानगी लागायची, मग जन्म कलकत्त्यातला का असेना. तिचा अर्ज नुसता पडून होता. कुणा सरकारी साहेबानं ओळखीचं पत्र दिलं तर काम लवकर होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं घडी घातलेला कागद पुढे केला.

"साब, आप तो हमको जानता है."

बाबांनी कागदाला हात लावला नाही. "जानता, ऐसा तो नहीं," ते म्हणाले. "खाने को आता है, बस." आणि काटा उचलून खायला लागले.

मी चौदा वर्षांची होते. घरी जाताना विचारलं, "बाबा, सकाळी त्या साताऱ्याच्या माणसाला लिहून दिलंत ना? त्याला तरी कुठे ओळखत होतात?"

"तुला यातलं कळत नाही. चिनी आहे ती. उद्या चौकशी लागली तर नोकरी जाईल माझी."

भीती मी समजून घेतली असती. मग तसं सांगायचं होतं तिला, की बाई, मला भीती वाटते. तीन वर्षं तिच्या हातचं खायचं, तोंडावर ओळख नाकारायची आणि वर ताटली चाटूनपुसून साफ करायची, हा निर्लज्जपणा आहे. तेव्हाही हाच शब्द ओठांवर आला होता. मी गिळला, आणि त्याचा राग वेगळाच.

परवानगी आली तेव्हा तिची आई जाऊन आठ दिवस झाले होते. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून मला कळलं. बाबांना सांगितलं तर "अरेरे" म्हणाले आणि पुढच्या रविवारी मला दोन रस्ते सोडून दुसऱ्या चिनी खानावळीत घेऊन गेले. म्हणे, इथलं सूप जास्त चांगलं. डोंबलाचं चांगलं.

शेवटी एका दुपारी मी शाळेतून परस्पर तिच्याकडे गेले. माफीची वाक्यं हिंदीत घोकून ठेवली होती. छपराखाली गिऱ्हाईक नव्हतं. ती कोबी चिरत बसली होती. मला पाहून उठली, बाक पुसलं आणि मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "बाबा बीमार है क्या? इतना दिन आया नहीं."

मी मानेनंच नाही म्हटलं.

"उनका पेट खराब रहता है," ती म्हणाली. "हम उनका खाना में मिर्चा कभी नहीं डाला."

बाबांना अल्सर होता. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. खाताना त्यांचा हात पोटावर जातो, हे तिनं पाहिलं होतं. मी माफी न मागताच घरी आले.