मागच्या गाडीचा दिवा

या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच करत आलो आहे. भूत, भास, संकेत... यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. वीस वर्षं बातमीदारी केली. दोन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय ओळ छापली नाही. या घटनेतल्या एका गोष्टीला दोन सूत्रं आहेत, आणि तरीही ती घडलेली असू शकत नाही.

मी लंडनजवळ हॅरोला राहतो, वाहनांवर लिहितो. गेल्या फेब्रुवारीत एका नव्या स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीची, टेस्ट राइड होती – स्कॉटलंडमध्ये, अविमोरच्या दक्षिणेला, एका खासगी इस्टेटीवर. गाड्या दोन होत्या, म्हणून ग्लासगोहून मिलिंदला बोलावलं. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र; हाताची ऑपरेशन्स करणारा सर्जन.

"मला धड सायकल येत नाही, आणि तू मला बर्फावर चालवायला लावतोयस."

"दोनच तास. फोटोत मागे एक गाडी लागते."

"म्हणजे मी फर्निचर."

इस्टेटीची देखरेख करणाऱ्या साठीच्या ह्यूने नियम सांगितला. वाटेवर पाच नारिंगी खांब आहेत. पुढच्याने प्रत्येक खांबाशी थांबून मागे वळून बघायचं. मागच्याने हात वर केला, की आपण करायचा, मगच निघायचं. "आरशावर जाऊ नका," तो म्हणाला. "हात दिसला पाहिजे."

गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली. हँडल गरम, ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखाली. चाकांऐवजी असलेल्या पुढच्या स्की जुन्या चाकोरीत शिरायला बघतात; वेग वाढला की ती ओढ जाते आणि गाडी एकदम हलकी वाटते.

पहिल्या खांबाशी थांबलो. मिलिंदने सभेला आलेल्या पुढाऱ्यासारखा हात हलवला.

दुसऱ्या खांबाशी थांबलो नाही. ढग खाली उतरला होता, पण आरशात त्याचा दिवा स्वच्छ दिसत होता – पिवळट, साधारण तीस मीटरवर. गाडी नुकती लयीत आली होती. तिसऱ्यालाही थांबलो नाही. मी वेग कमी केला, की दिवाही तेवढंच अंतर राखून मागे राहायचा. उरलेले दोन खांबही तसेच गेले. तीन वाजून वीस मिनिटांनी ह्यूच्या केबिनपाशी इंजिन बंद केलं आणि वळलो. मागे कोणी नव्हतं.

"दुसरा कुठाय?" ह्यूने विचारलं. "आत्ता दोन दिवे उतरताना बघितले मी."

मिलिंद दुसऱ्या खांबाच्या थोडा अलीकडे सापडला. बर्फाखालच्या ओहोळात स्की अडकून गाडी उलटली होती. जॅकेटला अडकवलेली सुरक्षादोरी गाडीतून निघाली, म्हणून इंजिन बंद, दिवाही बंद. उजवं मनगट हँडलखाली. तसा तो पाऊण तास होता. तिथून केबिनपर्यंत बर्फात एकाच गाडीचा माग होता. ह्यूने तो दोनदा चालून पाहिला.

नंतर मी तपासलं. आरशात स्वतःचा दिवा येत नाही. त्या दुपारी इस्टेटीवर तिसरी गाडी नव्हती.

हॉस्पिटलमध्ये मिलिंदच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, एकच प्रश्न विचारला. "भाऊजी, तुम्ही प्रत्येक खांबाशी थांबला होतात ना?"

"हो," मी म्हणालो.

मिलिंद जागा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

माझा लेख छापून आला. त्यात आरशांबद्दल एक ओळ आहे: मागचं स्पष्ट दिसतं.

मनगट जुळलं, पण दोन बोटांत संवेदना पूर्ण आली नाही. मिलिंद आता क्लिनिकमध्ये फक्त रुग्ण तपासतो, ऑपरेशन करत नाही. गेल्या महिन्यात ग्लासगोला त्याच्याकडे गेलो होतो. वहिनी चहा करायला आत गेल्यावर तो म्हणाला, "तू दुसऱ्या खांबापाशी होतास ना, तेव्हा मला दिसत होतास. मी डावा हात वर धरून ठेवला होता... तुझ्या गाडीचा आवाज जाईपर्यंत."

"वहिनींना सांगितलं नाहीस?"

"ते तू सांगायचंस."

तेव्हाही मी चहा पिऊन निघालो.

तो दिवा काय होता, ते मला माहीत नाही. ह्यूलाही नाही. पण वहिनी हे सदर दर महिन्याला वाचतात.

वहिनी, मी थांबलो नव्हतो.