फिलूची मान

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. देवळात उभी राहते तेव्हा देवालासुद्धा मी हे धड सांगत नाही, मधलंच गाळते आणि पुढे जाते. एकदा फिलूच्या चर्चच्या दारापर्यंत गेले होते. त्यांच्यात एक जाळीची लाकडी खिडकी असते, पलीकडे फादर बसतात, अलीकडून आपण सांगायचं. पण मी पडले हिंदू, मला कोण सांगू देणार? म्हणजे — असं मी स्वतःला म्हटलं आणि परत फिरले. खरं तर फादर नाही म्हणाले नसते.

तुम्हाला का सांगतेय? कालपासून गप्प बसवत नाही, एवढंच.

पण आधी पट सांगते. पट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही — आणि खोटं कशाला बोलू, पटाबद्दल बोलायला लागले की मला दुसरं काही सुचत नाही!

मी गोल्फ शिकवते. हसू नका. शिरोड्याच्या अलीकडे, समुद्रावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक हॉटेल आहे. त्याचं छोटंसं गोल्फचं मैदान आहे. तिथे पंजाबी ड्रेसवर टोपी घालून पाहुण्यांना ओरडणारी जी बाई दिसते, ती मी, सुनंदा. गवत कापायला लागले होते, शिकवायला लागले. लांबचे टोले मारून चेंडू ग्रीनपर्यंत आणायचा, ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेली हिरवळ, आणि तिथून तो हळूच ढकलून भोकात घालायचा, म्हणजे पट. सगळी मजा त्या शेवटच्या ढकलण्यात आहे. मुंबईचे धट्टेकट्टे लोक येतात, असा टोला हाणतात की चेंडू दिसेनासा होतो, आणि मग हातभरावरून भोक चुकवतात. आणि काठीकडे रागाने बघतात. काठीने काय केलंय?

चेंडू आत पडताना जो आवाज होतो ना — टप् — तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गवताचं यंत्र हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले होते. आजही तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. शिकवताना मी तो पाहुण्यांना डोळे मिटून ऐकायला लावते.

मग पट चुकतो कशाने? अहो, किती तऱ्हा! काठी अशी आवळून धरतात की जणू कोणी हिसकावून नेणार आहे, मग मनगट लाकडासारखं होतं. काहीजण मारता मारता मध्येच घाबरतात, हात आखडतात, आणि चेंडू भोकाच्या तोंडाशी येऊन बसतो. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने गवत एका अंगाला झोपतं, ते बघत नाहीत. उतार वाचत नाहीत. आणि सगळ्यात मोठी खोड, ही तर दहातल्या नऊजणांना असते, मान. चेंडू काठीला लागायच्या आधीच मान वर. गेला का, गेला का? मान वर आली की खांदा उघडतो, काठीचं तोंड फिरतं आणि चेंडू उजवीकडे सुटतो. मी सांगते, बघू नका, ऐका. टप् झालं की मान वर करा.

आणि हे सांगताना मी नेहमी एक गोष्ट सांगते. माझी एक मैत्रीण होती, माझ्यापेक्षा चांगली खेळायची, पण एका पटाला तिने मान वर केली आणि सगळं हातचं गेलं. पाहुण्यांना ही गोष्ट फार आवडते. लगेच माना खाली घालतात.

ती मैत्रीण म्हणजे फिलू, फिलोमिना. आम्ही दोघी एकाच दिवशी हॉटेलात गवत कापायला लागलो. तिचं घर शिरोड्यात, माझं सासर जवळच्याच वाडीत. सोमवारी पाहुणे कमी असत, तेव्हा मॅनेजर आम्हा कामाच्या माणसांना संध्याकाळी खेळू द्यायचे. सगळे पुरुष टोले मारण्यात दंग, आम्ही दोघी पटावर. फिलूचा हात — काय सांगू तुम्हाला तो हात! भाकरी थापताना असतो तसा, हलका आणि ठाम. मी तिच्याहून जास्त सराव करायचे आणि ती माझ्याहून जास्त जिंकायची. मला राग यायचा का? हो. तेव्हाही यायचा. ती मात्र तिच्या डब्यातलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं अर्धं माझ्या झाकणात काढून ठेवायची.

करोनाच्या आधीची गोष्ट. मॅनेजरांनी जाहीर केलं की पाहुण्यांना पट शिकवायला आपल्यातलंच एक माणूस कायम करायचं, आणि ते खेळून ठरवायचं. पंधरा दिवस आम्हाला दुसरा विषय नव्हता. फिलूला ती नोकरी हवी होती असं म्हणणं बरोबर नाही, तिला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिचा नवरा ट्रॉलरवर पडून कमरेतून अधू झाला होता. मुलगी रोझी लहान, अजून आईच्या कुशीत झोपणारी. कुवेतला एका घरी कामाची जागा तिच्या मावशीने बघून ठेवली होती. इथे कायम झाली तर जायचं नाही, नाही झाली तर पोरीला सासूकडे ठेवून जायचं. हे तिने मला सांगितलं होतं. मला हे सगळं माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आणि मला? माझा नवरा कुडाळला कारखान्यात कामाला, घरचा भात, घरचे काजू. मला काय अडलं होतं? काही नाही.

आता खळ्याचं सांगते, कारण सगळं तिथे झालं. मैदानातलं शेवटचं ग्रीन जिथे आहे तिथे माझं माहेर होतं. बाबांनी जागा हॉटेलला विकली, घर पाडलं गेलं. पण ठेकेदाराला अंगण, आम्ही खळं म्हणतो, आयतं चोपलेलं मिळालं. त्याने त्यावर नुसता मातीचा थर टाकून हिरवळ लावली. आता आमच्याकडे खळं कधी अगदी सपाट करत नाहीत. दर पावसाळ्यानंतर लाकडी चोपण्याने चोपताना त्याला डोळ्याला न दिसणारा उतार द्यायचा, पाणी माडाच्या आळ्यात गेलं पाहिजे म्हणून. आमचा माड पूर्वेला होता. तो अजून आहे, हॉटेलने त्याला दिवे लावलेत. सारा सडा समुद्राकडे, पश्चिमेला उतरतो, मैदानातले बाकी सगळे चेंडू समुद्राकडे वळतात. फक्त त्या ग्रीनवर चेंडू उलटा, माडाकडे जातो. हे कोणाला समजत नव्हतं, सोमवारी आम्हाला त्या ग्रीनवर खेळू देत नसत. मला न समजायला काय झालं — लहानपणी मी ते खळं सारवलंय, शेणाचं पाणी कुठल्या कडेला पळतं ते माझ्या तळव्यांना पाठ आहे!

स्पर्धेच्या दिवशी दाजीकाका माळ्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कशाचीही सुरुवात त्याशिवाय होत नाही. बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा खेळतत, कोणी कोणाचा वायट चिंतुचा नाय, असं काहीबाही म्हणत होता, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे, व्हय म्हाराजा. फिलूने आधी क्रूस केला आणि मग तीही म्हणाली, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

काय खेळलो आम्ही त्या दिवशी! पुरुष एकेक करून मागे पडले. उरलो आम्ही दोघी, कधी ती पुढे, कधी मी. शेवटच्या ग्रीनवर आलो तेव्हा स्वयंपाकघरातली माणसंसुद्धा हात पुसत येऊन उभी राहिली होती. माझा चेंडू भोकाला खेटूनच पडला, तो मी घातला, माझा खेळ संपला. फिलूचा चेंडू खाटेभर अंतरावर. एकात गेला तर ती जिंकली. दोनात गेला तर बरोबरी. समुद्र तिच्या डावीकडे, माड उजवीकडे. आमच्या खेळात नियम ढिले, कोणीही कोणाला विचारावं. आजूबाजूचे ओरडत होते, समुद्राकडे वळेल, उजवीकडे धर. तिने कोणाचंच ऐकलं नाही. ती माझ्याकडे वळली. हसली.

"ह्या तुझाच खळा मां? सांग गो, खंय वळतलो?"

मी किती वेळ घेतला असेल? काहीच नाही. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही, कारण विचार आधीच झालेला होता. माझ्या खळ्यात येऊन ही जिंकणार? माझ्या आईच्या तुळशीपाशी? एवढं हलकं, एवढं क्षुद्र होतं ते. आणि वर अंगात अशी झिंग चढली होती की कानशिलं गरम झाली होती. तेही सांगते. मला मजा वाटत होती.

"दर्याकडे वळतलो," मी म्हटलं. "उजवीकडे धर."

तिने उजवीकडे धरलं. सुंदर मारला, लोण्यासारखा. चेंडू उजवीकडे निघाला आणि वळला, आणखी उजवीकडे, माडाकडे, भोकाच्या बाजूने पार पुढे उताराला लागला. सगळे हळहळले. परतीचा पटही चुकला. मी जिंकले. मला उचलून धरलं लोकांनी. मीही ओरडत होते, नाचत होते, आणि गर्दीतून सगळ्यात आधी येऊन मला मिठी मारली ती फिलूने.

इथपर्यंत ठीक म्हणा — ठीक कसलं, पण इथे थांबले असते तरी एक वेळ. मिठीतच तिने विचारलं, माझा काय चुकला गो? तू सांगल्यावर तो उलटो कसो गेलो? तेव्हा तरी खरं सांगावं? तोंडाशी आलेलं. आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"तुझी मान वर इली गो," मी म्हटलं.

बघा, किती चपखल बसलं. मान वर आली की चेंडू उजवीकडे सुटतो. चेंडू उजवीकडेच गेला होता. तिने मान हलवली, कपाळावर हात मारला, आणि मानलं.

ती कुवेतला गेली. कुडाळ स्टेशनवर सोडायला मी गेले होते. रोझी माझ्या कडेवर होती आणि गाडी हलली तशी माझ्या अंगावरून खाली उतरायला बघत होती, तिचे बूट माझ्या पोटाला लागत होते. रोझी पुढे सासूकडे वाढली. पहिल्या पाळीच्या वेळी तिला समजावायला मी गेले होते, आई फोनवर होती. आणि फिलू दर नाताळला फोन करायची तेव्हा हसत म्हणायची, सुनंदा, माझी ती मान! मीही हसायचे. एकदाही चुकले नाही हसायला. इकडे तिची मान मी रोज पाहुण्यांना विकत होते.

फिलू गेल्या आठवड्यात कायमची परत आली. केस पिकलेत, चालताना गुडघा धरते. काल संध्याकाळी रोझीला घेऊन त्याच शेवटच्या ग्रीनवर आली. मला बघून धावत सुटली, गुडघ्यासकट! आम्ही दोघी इतकं बोललो, इतकं हसलो. माझा आनंद खरा होता, हे मुद्दाम सांगते, कारण तो खरा असू शकतो हेच मला सहन होत नाही. मग तिने रोझीच्या हातात काठी दिली. आईचाच हात आहे पोरीचा. रोझी चेंडूवर वाकली तशी फिलूने मागून जाऊन तिच्या मानेवर तळहात ठेवला, अलगद दाबून धरला.

"मान वर काढू नको गो बाय," ती म्हणाली. "माझी इली, म्हणान तुका सोडून गेलंय."

रोझीने मान खाली धरली. मी शेजारीच उभी होते, भोकातला झेंडा हातात घेऊन.

त्या गेल्यावर मी चेंडू फिलूच्या तेव्हाच्या जागेवर ठेवला, डावीकडे धरला, समुद्राकडे, आणि हलकेच मारला. तो सावकाश माडाकडे वळत आला आणि आत पडला. टप्.

स्पर्धेच्या दिवशी मी फिलूच्या अगदी समोर उभी होते. चेंडूकडे मी बघतच नव्हते, तो कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघत होते. तिची मान खाली होती. लोक हळहळले, त्यानंतरच तिने ती वर केली.