अण्णांच्या चालीवर लेझीम

आता कुठल्या तोंडानं सांगू! पण शपथेवर सांगतो, अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे… एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो.

आमच्या लोणावळ्यात एक म्हातारे संगीतकार राहतात, अण्णा. त्यांचा एक सिनेमा आला तसाच गेला. त्याचं पार्श्वसंगीत कुणाच्या कानावरच पडलं नाही. त्याची तबकडी भंगारात सापडली कुणाला? मला! घरी लावली आणि उडालोच. काय ती पळती सनई! अख्ख्या महाराष्ट्राला कळलं नाही ते मला कळलं, हे मी पार उर्सेच्या टोलनाक्यापर्यंत सांगत सुटलो.

टाकवे माझी सासुरवाडी. तिथल्या देवळात अण्णांचा सत्कार ठरवला. मेव्हण्याच्या लेझीम पथकाला ती चाल मोबाईलवर पाठवली. गड्यांनी घाम गाळला हो!

अण्णा आले. म्हणाले, "फार जीव लावला होता त्या चालीला. मरायच्या आधी एकदा ऐकायची होती." आणि डोळे मिटून बसले.

मी तबकडी लावली. सनई उधळली, गडी उडाले, लेझमी खणखणल्या!

"दाजी, लय भारी!" मेव्हणा ओरडला. "कुटं लपवलं व्हतं ह्ये?"

"ह्याच्यावर नवरदेव घोड्यावरनं पडंल की!" एक मावशी म्हणाल्या.

मला चेव आला. माईकवर गर्जलो, "लग्नाचा प्रसंग कसा उभा केलाय बघा अण्णांनी!"

अण्णा काठी टेकत उठले. लेझीम थांबलं. त्यांनी रेकॉर्ड प्लेअरचा वेगाचा खटका पंचेचाळीसवरून तेहतीसवर आणला.

सनई मंदावली. अहो, रडायलाच लागली!

"लग्न नाही हो," अण्णा म्हणाले. "नायकाची आई जाते, तेव्हाची चाल आहे."

मावशींनी पदर डोळ्याला लावला. मेव्हणा कानात पुटपुटला, "दाजी, मयतात नाचिवलं व्हय आमाला?"

मग अण्णा खदखदून हसले, "माझ्या चालीला शर्यतीचे बैल जुंपलेत की!" सगळं देऊळ हसलं.

तर, ही ती जागा. अण्णा हसले नाहीत. कुणीच हसलं नाही. बैलांचं वाक्य माझं, नंतर रचलेलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "परत पहिल्यापासून लावा."

मी धावलो.

"तुम्ही नको."