मास्टरांनी शिवलेला कोट

मास्टरांच्या शिवणकामाच्या दुकानाचं दार ठेंगणं. सरळ चालत आत येणाऱ्याचा कपाळमोक्ष ठरलेला. गेली कित्येक वर्षं मास्टर मशीनवरून मान न उचलता "वाकून या" म्हणत आलेत, आणि गिऱ्हाईक आधी आपटून मगच वाकत आलंय. पण अलीकडे भलतंच सुरू झालंय. भर दुपारी, दारात चिटपाखरू नसताना, मास्टर एकदम ओरडतात, "अरे, वाक!" मग ओशाळतात आणि मशीनचं चाक उगाच मागे-पुढे फिरवत बसतात. समोरचं गिऱ्हाईक जुनं असेल तर ते स्वतःच्या चपलांकडे बघतं. कुणाचं डोकं चौकटीवर आपटलेलं मास्टरांना ऐकू आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणार कोण?

मास्टरांचा थोरला ताडमाड उंच होता. दूरच्या एका थंड शहरातल्या विद्यापीठात शिकायला गेला. पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि पोरगं हां हां म्हणता गेलं. बरं, शिंप्याचं पोर असून अंगावर धड गरम कोट नव्हता! त्याच्यासाठी लोकरी कापड आणलं होतं, पण दुकानात लग्नाच्या कपड्यांची घाई. घरचं काय, होईल सवडीने, असं म्हणून मास्टरांनी ते कपाटात सारलं, ते तिथेच राहिलं. कोटाने काही आजार टळला नसता, असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी समजावून पाहिलं. मास्टर मान डोलवत. पटत काडीचं नसे. बातमी आली तेव्हा त्यांचे पायच उचलेनात, बायको तर अंथरुणाला खिळलेली, म्हणून पोरांचा काका गेला आणि तिकडेच अंत्यविधी उरकून परत आला. मास्टरांनी ते शहर आजवर पाहिलेलं नाही.

आता धाकटीची बारावी झाली. ही आईवर गेलेली, चणीने लहान. दादाने तिचं नाव 'बुटकी' ठेवलं होतं, आणि तो गेल्यावर घरात त्या नावाने हाक मारायची कुणाची छाती झाली नाही. तिला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला. एक गावातलंच, बसने अर्ध्या तासावर. आईच्या भाषेत, डबा घेऊन जा आणि दिवेलागणीला घरात ये. दुसरं, तेच ते. थंड शहरातलं. भूगर्भशास्त्र तिथेच चांगलं शिकवतात, आणि ही पोर लहानपणापासून खिशात दगड भरून आणणारी. कपडे भिजवताना बादलीत दगड खडखडले की आई अजूनही तिचा उद्धार करते.

"एक दिलाय मी त्या गावाला," आई म्हणाली. "दुसरं देणार नाही." एवढं बोलून तिने जी भांडी आपटायला घेतली, ती काही थांबेना.

शनिवारपर्यंत कुठली तरी एक जागा पक्की करायची होती. इकडे आड, तिकडे विहीर. मुलगी बाबांच्या शब्दाची वाट बघत राहिली. ते नाहीच म्हणणार, अशी तिची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर, ते नाही म्हणाले असते तर तिला जरा हायसंही वाटलं असतं. पण मास्टर पटकन म्हणाले, "जाऊ दे तिला. मी कोट शिवतो." मायलेकी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

घरच्या माणसाला मास्टर कधी टेप लावत नाहीत. टेप परक्यांना, घरच्यांचं माप डोळ्यांत असतं, ही त्यांची जुनी मिजास. कपाटातलं लोकरी कापड त्यांनी बाहेर काढलं, खडूने आखलं, बेतलं आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून शिवलं. अस्तर असं नेटकं लावलं, की नवरदेवाच्या कोटालासुद्धा कधी लावलं नसेल. मुलीला बरं वाटत होतं. आपल्यासाठी कुणीतरी इतका जीव ओततंय, हे ती बऱ्याच दिवसांनी बघत होती.

शुक्रवारी सकाळी तिने कोट अंगात घातला. खांदे दंडावर उतरले, बाह्यांत हात गडप झाले, घेर पायांत घोळायला लागला.

"अहो बाबा," ती हसायला लागली, "यात मी आणि आणखी एक जण मावेल!"

कुणी हसलं नाही. आई ओल्या हातांनीच बाहेर आली होती. तिने कोटाच्या खांद्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अहो, हे काय केलंत? हे त्याचं माप आहे."

मास्टरांना ऐकूच गेलं नाही. ते मुलीभोवती फिरत होते, बाही ओढून बघत होते. "बरोबर आहे... लांबी बरोबर आहे..." मग तिच्या डोक्यावरून वर, दादाचा चेहरा जिथे असायचा तिथे बघत म्हणाले, "तिथे पोचलीस की त्याला दे. म्हणावं, बाबांना जरा उशीर झाला."

मुलीने कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. "मी गावातलंच विद्यापीठ घेते," ती म्हणाली.

"नाही!" मास्टर केवढ्यांदा ओरडले. "तू तिथेच जायचंस."

"पण का?"

"मला वेड नाही लागलेलं गं. तो नाही, हे कळतं मला. पण त्याला आपण तिथे एकटं टाकलंय. तू इथेच राहिलीस, तर तिथे त्याच्याजवळ आपलं असं कुणीच नसेल."

मुलीला आधी रडू आलं आणि मग आला भयंकर राग. "तो गेल्यापासून या घरात मीही राहते, कळलंय का कुणाला? आई मला त्याच्यामुळे अडवून ठेवतेय, तुम्ही मला त्याच्यासाठी पाठवताय. मला दगड शिकायचेत हो, दगड! जाईन मी तिथे. शिकायला जाईन, त्याच्या सोबतीला नाही. सोबत करायची असेल तर तुम्ही चला. एकदा डोळ्यांनी बघून घ्या की तो तिथेही नाहीये."

मास्टर मटकन स्टुलावर बसले. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. आपण जास्त बोललो, असं मुलीला वाटलं, पण शब्द परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

आईने तिच्याकडे बराच वेळ नीट बघितलं. मग पदराने हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, उठा. जायची तीन तिकिटं काढा."

मास्टरांनी मान वर केली.

"आणि यायची दोन," आई म्हणाली.