सदतीस जण स्वतः आंघोळ करतात

समाजसेवा मंडळाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, आंघोळीची खोली होती. बसका टब, भिंतीला धरायला दोन दांडे, एक प्लास्टिकची खुर्ची. बाहेर बाक. ज्यांना घरी आंघोळ जमत नाही आणि घालणारंही कोणी नाही, अशी एकेचाळीस म्हातारी माणसं आठवड्यातून एकदा इथे येत. त्यांना आंघोळ घालणाऱ्या बाईला सगळे कोपरताई म्हणत, कारण पाण्याचा अंदाज ती कोपराने घेई. चौदा वर्षं साबणात राहून बोटं बधिर झाली होती.

तिची पद्धत ठरलेली. पाणी आधी पायांवर, म्हणजे अंगावर एकदम काटा येत नाही. मांडीवर पंचा कायम. पाठ आणि पाय तिने धुवायचे, बाकीचं ज्याचं त्याने. शेवटी बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि टाचा बघायच्या. जखमा तिथून सुरू होतात.

मंगळवारी मास्तर येत. निवृत्त मुख्याध्यापक. हात खांद्याच्या वर जात नव्हता, कंबर वाकत नव्हती, ताठा मात्र शाबूत.

"ताई, मी नुसता गप्पा मारायला आलोय हं."

"हो तर! आंघोळ काय, तुम्ही घरूनच उरकून आलात. पाय वर घ्या."

वर्षातून एकदा मंडळाचा फॉर्म येई. त्यात प्रश्न होता: आता तुम्ही स्वतः आंघोळ करू शकता का? पूर्णपणे, थोड्या मदतीने, की नाही? हा प्रश्न बाकावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत विचारावा लागे. ज्याने आयुष्यभर चारचौघांत मान ताठ ठेवली, तो तिथे "नाही" कसा म्हणेल? बहुतेक सगळे खणखणीत आवाजात "पूर्णपणे" म्हणत. कोपरताई हसून फॉर्मवर तशी खूण करी. आतल्या खोलीत कोण काय करू शकतं हे तिला माहीत होतं, आणि ते तिथेच राहावं एवढंच तिला कळत होतं.

यंदा वरून येणारं अनुदान एक तृतीयांशाने कमी झालं. मंडळाला काहीतरी बंद करायचं होतं आणि कारण हवं होतं. ते फॉर्मच्या कपाटातच सापडलं. एकेचाळीसपैकी सदतीस जण पूर्णपणे स्वावलंबी. कार्यक्रम बंद होत नव्हता, तो यशस्वी झाला होता.

"सभेत सांगून टाक, खुणा मी केल्या म्हणून," कोपरताईचा नवरा म्हणाला.

"आणि मास्तरांच्या विद्यार्थ्यांसमोर सांगू, की यांना मी धुते?"

मंडळाचे अध्यक्ष मास्तरांच्याच शाळेत शिकलेले.

सभेत टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं होती. अध्यक्षांनी ठराव वाचला. आंघोळीच्या जागी 'स्वावलंबी स्नान' नावाची आठ पानी पुस्तिका मिळणार होती. मुखपृष्ठावर दंडात बेडक्या आलेला एक तरुण पाठ घासत होता. "ही आपल्या सर्वांच्या यशाची गोष्ट आहे," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. लोकांच्या तोंडाला पानं पुसायची, आणि तीही छापील! कोपरताई मागच्या रांगेत बसली होती. दोनदा उठायला गेली, दोनदा बसली.

उठले ते मास्तर.

"मी फॉर्मवर खोटं सांगितलं. माझी पाठ ही बाई धुते. पायसुद्धा. मला वाकता येत नाही."

सभागृहात कोणीतरी खोकलं. मंडळाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याने ओठ दाबून हसू गिळलं.

"सरांच्या भावनांची नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. "पण मुदत संपल्यावर फॉर्म बदलता येत नाही. सर, नियम पाळायला तुम्हीच शिकवलंत आम्हाला." यावर हशा झाला. पुढचा विषय सभागृहाच्या पडद्यांचा रंग. त्यावर पाऊण तास चर्चा झाली.

आंघोळीची खोली रेकॉर्डला दिली. टबात फायलींचे खोके रचले, सर्वांत वर आंघोळीचे फॉर्म. कोपरताईला वर ऑफिसच्या खिडकीत बसवून पुस्तिका वाटायला लावलं.

सहा आठवड्यांनी मास्तर आले. गळ्यापर्यंत बटणं लावून खिडकीपासून चार हात लांब उभे राहिले. तरी वास आलाच. अधिकाऱ्याने नाक मुरडून पंखा वाढवला.

"काय मास्तर, पुस्तिका वाचली ना?" त्याने विचारलं.

"वाचली. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत." मग हलकेच, कोपरताईकडे न बघता ते म्हणाले, "वाचनालयात मला कोपऱ्यात बसायला सांगितलं, ताई."

तिने खिडकी लावली. किल्ली घेऊन खाली गेली आणि एकेक खोका उचलून बाहेर ठेवायला लागली. अधिकारी धावत आला.

"अहो ताई, रेकॉर्ड आहे ते!"

"मग बसू दे की बाकावर. नंबर आला की बोलावते."

"मी अध्यक्षांना कळवीन."

"कळवा. नोंद घेतली म्हणतील."

नळाला आधी गढूळ पाणी आलं. ते तिने वाहू दिलं. मग कोपर बुडवलं, मास्तरांना आत घेतलं आणि दार आतून लावलं.

त्या एका आंघोळीबद्दल तिला नोटीस मिळाली आणि खोलीला नवं कुलूप लागलं. नोटिशीत 'रेकॉर्डची हेळसांड' असं कारण आहे. माणसाचा उल्लेख नाही.