हौसाकाकीने सारवलेली भिंत

सावर्ड्याच्या आतल्या अंगाला, डोंगराखालच्या वाडीत हौसाकाकीचा हात सारवणासाठी नावाजलेला. तांबड्या मातीत शेण कालवावं ते तिनेच. कुणाकडे लग्न निघालं की आधी तिला बोलावणं जायचं, मग भटजींना. आणि स्वतःच्या घरी गणपती म्हटल्यावर तर विचारूच नका. मुलगा नितेश नोकरीला मुंबईत. एरवी घरात ती आणि गोठ्यातली गाय, दोघीच. गणपतीला तेवढी सून दीपाली, शाळेत जाऊ लागलेली सानवी आणि नुकता चालायला लागलेला वेद येऊन घर भरायचं.

यंदा पलीकडच्या वाडीत एक पोर तापाने गेलं आणि फवारणीवाले आले. आशाताई गोदा दारोदार सांगत फिरली. वाळूमाशी म्हणे. डासाहून बारीक, भुणभुण नाही की काही नाही, मच्छरदाणीच्या भोकातून खुशाल आत येणार. भिंतीच्या भेगांत नि गोठ्याच्या ओलीत राहते, आणि चावली तर तिच्यातला विषाणू लहान पोराच्या थेट मेंदूवर जातो.

"काकी, औषध भिंतीवर तसंच राहूदे हां. दिवाळीपर्यंत सारवू नको, रंग लावू नको," गोदाने बजावलं.

हौसाने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? पण भिंतीवर औषधाचे पांढरे ओघळ वाळले, वास घरभर बसला आणि गणपती तोंडावर आले. असल्या भिंतीपुढे देव बसवायचा? वाडीतल्या बाया आरतीला येऊन काय म्हणतील? एवढीशी माशी ती, तिचं कौतुक ते किती, असं पुटपुटत तिने पदर खोचला आणि माजघरापासून गोठ्यापर्यंत सगळं सारवून काढलं. औषध मातीखाली गेलं. कुणी तिला अडाणी म्हणेल तर म्हणो बापडं. पोरं येणार म्हणून बाई हरखली होती, एवढंच मला दिसतं.

पोरं आली. नितेश म्हणाला, "आई, घर कसं लख्ख केलंयस." सानवीला आजीशिवाय झोप नाही. गोठ्याला लागून पडवी होती, तिथे दोघी एका गोधडीत निजायच्या.

गौरी-गणपती पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सानवीचं अंग तापलं. जागरणं झाली, पाण्यात खेळली, म्हणून हौसाने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दुपारी पोर ओकली, डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. नितेशने तिला रिक्षात घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही, पण या तापावर औषधच नाही. नुसते झटके आवरायचे आणि वाट बघायची. दिवेलागणीला सानवी गेली. सकाळी ताप काय येतो आणि संध्याकाळी पोर हातची काय जाते! देवाला तरी काय म्हणावं?

सुतकात बाया येऊन बसायच्या आणि दीपालीकडे बघून कुजबुजायच्या, मुंबईचा ताप आणलान म्हणून. दीपालीलाही तेच पटत चाललेलं. रक्ताचा रिपोर्ट सांगायला गोदा आली. तोच विषाणू निघाला होता. बोलता बोलता तिने भिंतीच्या ताज्या सारवणावरून बोट फिरवलं, हौसाकडे पाहिलं आणि चप्पल घालून निघून गेली. हौसाला सगळं कळलं. तोंड मिटून बसती तर कुणी विचारणारं नव्हतं.

"आई, वाटेत मी तिला उघड्यावरचं सरबत पाजलं," दीपाली म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "मीच मारलं तिला."

हौसाच्या मांडीवर वेद निजला होता. त्याच्या केसांतला हात तिने काढून घेतला.

"नाय गो बाय. तुझं काय चुकलं नाय. भिंतीवरचं औषध मी सारवून टाकलं. गोदा नको म्हणाली होती. मी ऐकलं नाय."

दीपाली तिच्याकडे बघत राहिली. उठून तिने निजलेल्या वेदला हौसाच्या मांडीवरून उचललं आणि त्याला घेऊन बाहेर अंगणात, भर उन्हात जाऊन उभी राहिली.