शेवट नसलेलं गाणं आणि माझं लग्न

परवा सावेडीत आमच्या सोसायटीसमोरून एक वरात गेली. डीजेवाल्याने ती चाल लावली मात्र, माझे पाय बसल्याजागी हलायला लागले. नातू म्हणाला, आजी, हे मूळचं परदेशी रॉक गाणं आहे, फार गाजलेलं. मी म्हटलं, मला नको शिकवू. आमच्या नेवासे तालुक्यात ह्या गाण्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नाही, आणि ते तिथं आणलं कुणी, तर तुझ्या पणजोबांनी. त्याला वाटलं, म्हातारी फेकतेय. वाटू दे, मला काय!

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, घोडेगावजवळच्या आमच्या गावात बँड चालवायचे. लाल कोट, पितळी बटणं आणि हातात क्लॅरिनेट. सगळा गाव तिला पिपाणीच म्हणायचा. लग्नसराईत दादांना शाळेतल्या गुरुजींपेक्षा जास्त मान. सराई संपली की मात्र नुसते वाजंत्री.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. माझे चुलते नगरला लष्कराच्या मेसमध्ये भांडी घासायला होते. कुणा साहेबाची बदली झाली, टाकून दिलेल्या सामानात एक तबकडी निघाली, ती त्यांनी दादांना आणून दिली. घरी वाजवायला काही नव्हतं. म्हणून बाजाराच्या दिवशी दादा ती घेऊन घोडेगावला चहाच्या हॉटेलात गेले. तिथं फोनो होता आणि दारावर कर्णा. पहिल्याच दणक्याला बाजारातल्या बैलांनी दावी ताणली. एक खोंड तर सुटून थेट कांद्याच्या ढिगात शिरला. लोक हॉटेलवाल्याच्या आईबापाचा उद्धार करत धावले, आणि दादा बशीतला चहा तसाच हातात धरून उभे. मग हॉटेलवाला तबकडी परत लावीना, तर दादा चहामागून चहा मागवत बसले. गिऱ्हाइकाला तो नाही कसं म्हणणार? घरी आल्यावर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही; चहामुळे की गाण्यामुळे, देव जाणे.

गाण्यात होतं काय, तेही सांगते. गुरुजींनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, विलायतेतली केस वाढवलेली पोरं आहेत. कुणीतरी घर सोडून निघालंय, आता परत यायचं नाही, असं काहीतरी ओरडतायत. दादा म्हणाले, "मग लग्नाचंच हाय की." आणि त्यांनी ते बँडवर बसवलं.

एक भानगड मात्र होती. त्या गाण्याला शेवटच नव्हता. तबकडीवर ते हळूहळू बारीक होत जायचं, एसटी लांब निघून जावी तसं, आणि मग नुसती खरखर. आमच्या बँडला बारीक वाजवणं कुठं माहीत! ट्रंपेटवाले एक तर जीव खाऊन फुंकणार, नाहीतर विडी ओढणार. तेव्हा दादांनी स्वतःच्या पदरचा शेवट जोडला. पिपाणी उंच चढवायची, दम असेतोवर तोच सूर धरायचा, आणि पिपाणी खाली आली की ढोलावर एकच टोला. संपलं. दादा नसले की हे कुणाला जमायचं नाही. एक थांबला की दुसरा चालू, दुसरा थांबेतो पहिला परत सुरू.

गाणं असं पसरलं की विचारू नका. दुष्काळाचे दिवस, लग्नाच्या पंगतीत नुसती लापशी. पण लोक म्हणायचे, लापशी नसली तरी चालेल, ते गाणं पाहिजे.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. सासरे, म्हणजे मामंजी, तसे मनाने वाईट नव्हते, पण पोराच्या नोकरीचं वारं बापाच्या डोक्यात शिरलेलं. बैठकीत सगळं ठरलं, सुपारी फुटायची राहिली, तेव्हा त्यांनी हळूच विषय काढला. कारखान्यातले साहेब लोक लग्नाला येणार आहेत. तेव्हा, "व्याही म्हणून मंडपात उभं ऱ्हायचं. वाजंत्री म्हणून न्हाई. पिपाणी त्या दिवशी हातात दिसाया नको."

मी दाराआडून ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पिपाणीवर मी वाढले, तिची ह्यांना लाज! पाहुणे गेल्यावर मी दादांना म्हटलं, मोडा हे लग्न. दादा एवढंच म्हणाले की मुलीच्या बापाचा हात दगडाखाली असतो, आणि पिपाणी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी ट्रंकेत ठेवून दिली. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं रडू आलं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. दादा फेटा बांधून मंडपाच्या तोंडाशी हात जोडून उभे. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला निघाला. आमच्याकडे ह्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पुढे आमचाच बँड. दादांनी गड्यांना बजावलं होतं, आज काहीही वाजवा, ते गाणं नको. पण मारुतीपुढं त्याचीच फर्माईश झाली, आणि ती केली कुणी, तर खुद्द मामंजींनी. माझ्या पोराच्या लग्नात ते गाणं नाही, तर लोक काय म्हणतील? हे मला नंतर कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ह्यांना अंडं पाहिजे, पण कोंबडी दारात नको.

व्हायचं तेच झालं. गाणं थांबेना. ट्रंपेट थांबले की ढोल चालू, ढोल थांबला की पोरं ओरडायची आणि ट्रंपेट परत सुरू. कारखान्याचे साहेब बूट काढून नाचत होते. मामंजी हात वर करून बास, बास म्हणत मधे घुसले, तर पोरांना वाटलं नवरदेवाचा बाप रंगात आला. त्यांनी त्यांना खांद्यावरच घेतलं. इकडे ऊन उतरलं, भटजींचा जीव खालीवर. मुहूर्त टळला तर बोल लागणार मलाच. पायगुण वाईट म्हणून जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शेवटी मामंजी कसेबसे सुटून, फेटा काखेत मारून मंडपात धावत आले. दादांना म्हणाले की चला, ती पिपाणी घ्या आणि थांबवा त्यांना. दादांनी हात जोडलेलेच ठेवले. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच दिला होता.

नवरीने तोंड उघडायचं नसतं. पण मला राहवेना. मुंडावळ्या सावरत मी दारात आले. म्हटलं, "मामंजी, ट्रंक त्या कोपऱ्यात हाय. पिपाणी तुमीच काढा, आन् तुमच्या हातानं द्या त्यांना."

आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आजही आठवतो. मामंजी लालबुंद झाले. मला वाटलं, आता वऱ्हाड माघारी. पण ते वाकले. ट्रंक उघडली, लुगडं सोडलं, पिपाणी आपल्या उपरण्याने पुसली आणि दोन्ही हातांनी दादांपुढे धरली. दादांनी ती घेतली आणि तडक मारुतीकडे निघाले.

मला दारातून मारुतीचं देऊळ दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. त्या गोंधळात पिपाणी शिरली, वर चढली, आणि चढतच गेली. इतका वेळ दादांनी सूर कधीच धरला नव्हता. मग ढोलाचा टोला. एकदम शांत. आणि मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून, पण आता मंडपाच्या दिशेने सरकणारं.

बँडपुढे नाचत साहेब लोक मंडपाशी आले, तरी भटजी वैतागलेलेच होते. अंतरपाट हातात घेऊन ते ओरडले, की वेळ भरत आली, मुलीचा बाप गेला कुठं?

मामंजी मंडपाच्या तोंडाशी, दादांच्या जागी उभे होते. साहेबांसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "त्ये काय, बँडच्या म्होरं. पिपाणी वाजवत्यात ना, त्येच आमचे व्याही."